विवाहाच्या कामी दाखला

बगाडेबाईंनी पर्समधून एक कागद काढला, घडी उलगडून तळहाताने दोनदा सपाट केला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"मजकूर मी टाइप करूनच आणलाय," त्या म्हणाल्या. "तुमचा वेळ जायला नको. तुम्ही फक्त सही-शिक्का करा."

डॉ. मुल्लांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. डॉक्टर साठीच्या बाई, पांढरे केस, आवाज शाळेतल्या पर्यवेक्षिकेसारखा. त्यांनी कागद उचलला आणि मनात न वाचता चांगला मोठ्यानं वाचला.

"'दाखला देण्यात येतो की, कुमारी सुलक्षणा गजानन खटावकर, वय चोवीस, राहणार कराड, यांस असलेला त्वचाविकार हा, एक, संसर्गजन्य नाही. दोन, महारोग अथवा कोड नाही. तीन, पुढील पिढीत उतरणारा नाही. चार, विवाहानंतर सहा महिन्यांच्या आत पूर्णतः बरा होणारा आहे. सदर दाखला विवाहाच्या कामी देण्यात येत आहे.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "यातली सुलक्षणा कोण?"

"मी," मी म्हणाले.

डॉक्टरांची सोडून खोलीत खुर्च्या तीनच होत्या. एकीवर बगाडेबाई, दुसरीवर त्यांचे चिरंजीव हेमंत, तिसरीच्या कडेवर माझे वडील, अण्णा. जिच्या कातडीबद्दल ही सभा भरली होती ती उभी होती.

ही गोष्ट दोन हजार एक सालची, साताऱ्यातली. पण आम्ही तिथे पोचलो कसे, हे आधी सांगायला हवं.

माझी खाज माझ्याहून चार महिन्यांनी धाकटी. मी चार महिन्यांची असताना ती गालांवर आली आणि मग घरातल्या माणसासारखी राहिली. तिचं निदान कधी झालं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. झालं, आणि दर महिन्याला नवीन झालं. आईच्या मते ती उष्णता. आत्याच्या मते रक्तातली घाण. शेजारच्या मालूताईंच्या मते माझ्या वेळी आईनं ग्रहणात विळीला हात लावला होता. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या मते गजकर्ण, आणि त्यानं दिलेली ट्यूब आठ दिवस कमाल करायची, नवव्या दिवशी खाज दुपटीनं परत यायची, मग तो आणखी मोठी ट्यूब द्यायचा.

मला कडुनिंबाच्या कढत पाण्यानं उकडून काढलं गेलं. वारुळाची माती थापली गेली. वांगं, अंडं, शेंगदाणे, आंबा, दही सगळं बंद झालं. एका उन्हाळ्यात मी फक्त मुगाचं वरण आणि भात खाल्ला. खाज होती तेवढीच राहिली, मी मात्र सात किलोंनी कमी झाले. आत्या म्हणाली, "बघ, गुण यायला लागला."

सगळं केलं, फक्त कातडीच्या डॉक्टरकडे नेलं नाही. "त्या दवाखान्याची पायरी चढताना कुणी बघितलं तर?" असं आई म्हणायची. म्हणजे खाज चालेल, डॉक्टर दिसता कामा नये.

अण्णांचं कराडला मंगळवार पेठेत लेडीज टेलरिंगचं दुकान, घराच्याच पुढच्या खोलीत. त्यांचा औषधावर फार विश्वास नव्हता. बाहीवर होता. गावातल्या बायकांचे ब्लाउज दरवर्षी आखूड होत गेले आणि माझ्या बाह्या दरवर्षी लांब. कॉलेजात मला सगळे फार सोज्वळ समजायचे.

मी नोकरीला होते एका छापखान्यात, डीटीपीवर. लग्नपत्रिका आणि बायोडेटा. दिवसाला चार-पाच बायोडेटा टाइप व्हायचे. नाव बदलायचं, उंची बदलायची, गोत्र बदलायचं. 'प्रकृती : निरोगी' ही ओळ मी तीन वर्षांत एकदाही बदलली नाही. सबंध सातारा जिल्ह्यात लग्नाच्या वयाचं एकही माणूस कधी आजारी नव्हतं. माझा बायोडेटाही मीच टाइप केला आणि माझीही प्रकृती निरोगीच ठेवली.

त्या बायोडेटावर हेमंत बगाडे मला बघायला आले. पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर. वडील नव्हते. आई जिल्हा परिषदेत, वैद्यकीय बिलांच्या टेबलावर, म्हणजे कुणाच्या आजाराला पैसे द्यायचे आणि कुणाचा आजार परत पाठवायचा हे ठरवणारी. बगाडेबाईंनी माझी उंची विचारली, पगार विचारला, चष्मा आहे का विचारलं. हेमंतनी विचारलं, "दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रिका टाइप करून कंटाळा नाही येत?"

मी म्हणाले, "येतो. म्हणून मधूनमधून चुका वाचायच्या. परवा एकानं 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' च्या जागी 'अपस्थिती' लिहून आणलं होतं."

ते मोकळेपणानं हसले. मला आवडले ते. पुढं जे सांगणार आहे त्यामुळे हे लपवायचं कारण नाही. बाहीच्या आत कोपर पेटलं होतं आणि वर मी हसत होते.

चार दिवसांत होकार आला. घरात आनंदीआनंद. आई म्हणाली, "आता साखरपुड्यापर्यंत तेवढी मूगडाळ खा." आणि मला लाज वाटायला लागली. लग्न झाल्यावर पहिल्याच रात्री माणसाला काय सांगणार होते मी? की ती 'प्रकृती : निरोगी' मीच टाइप केली होती, माफ करा?

आठव्या दिवशी मी छापखान्याजवळच्या एसटीडी बूथवरून त्यांच्या ऑफिसात फोन लावला. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "मला लहानपणापासून खाजेचा त्रास आहे. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागं, मानेवर. कधी कमी असतो, कधी रक्त निघेपर्यंत. तुम्ही आलात तेव्हा मी लांब बाह्यांचं घातलं होतं ते त्यासाठी. आधी सांगायला हवं होतं. आता सांगतेय."

एवढं सांगून मी थांबले. मग ते म्हणाले, "बरं. सांगितलंत ते चांगलं केलंत. मी आईशी बोलतो."

बूथमधून बाहेर पडले तेव्हा मला हलकं वाटत होतं. काय समजूतदार माणूस आहे, असं मी वाटेत तीनदा मनाशी म्हटलं. किती कमी शब्दांत माणूस थोर ठरवता येतो बघा.

तिसऱ्या दिवशी बगाडेबाई एकट्याच एसटीनं कराडला आल्या. अण्णांनी मशीन थांबवलं. बाईंनी चहा घेतला, पाणी घेतलं, आणि म्हणाल्या, "माझी वैयक्तिक काही शंका नाही. मुलगी छान आहे. पण रेकॉर्डला एक कागद असलेला बरा. साताऱ्याच्या मुल्ला डॉक्टरांचा दाखला चालेल. दोन्ही बाजू हजर राहू, म्हणजे नंतर वाद नको."

अण्णा म्हणाले, "हो हो, अगदी बरोबर." फोनचं कळल्यापासून सांगणाऱ्या मुलीशी ते दोन दिवस बोलत नव्हते, पण दाखला मागणाऱ्या बाईंना त्यांनी रिक्षापर्यंत सोडलं.

तर असे आम्ही त्या खोलीत.

"सही करण्याआधी मी पेशंट बघते," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "जुनी खोड आहे माझी." त्या उठल्या. बगाडेबाईही उठल्या.

"तुम्ही कुठं?"

"पडद्याआड. मला प्रत्यक्ष पाहिलेलं बरं."

"तुम्ही बसा," डॉक्टर म्हणाल्या, "नाहीतर मला तुम्हालाही तपासावं लागेल."

पडद्याआड त्यांनी मला स्टुलावर बसवलं, बाह्या वर करायला सांगितल्या. चोवीस वर्षांत माझे हात इतक्या जवळून कुणी नाक न मुरडता बघितले नव्हते. कोपराच्या आतली कातडी जाड, काळपट झाली होती, मधोमध ओरखडे. त्यांनी ती दोन बोटांत धरून पाहिली.

"पहिल्यांदा कुठं आलं? गालांवर?"

"हो. चार महिन्यांची असताना. पाणी यायचं म्हणे त्यातून."

"मग शाळेत जायला लागल्यावर गाल साफ झाले आणि हे कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागं गेलं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"याची चाल ठरलेली असते. थंडीत वाढतं? घाम आला की वाढतं? स्वेटर टोचतं?"

मी नुसती मान हलवत राहिले. त्यांनी माझ्या खालच्या पापण्यांखालची जादा घडी पाहिली. तळहात उलटे करून पाहिले.

"रेषा किती आहेत गं!"

"ज्योतिषीही हेच म्हणाले होते. परदेशगमन आहे म्हणून."

"कातडी कोरडी आहे म्हणून," त्या म्हणाल्या. मग बोटांच्या बेचक्या तपासल्या. "घरात दुसरं कुणी खाजवतं? आई, वडील? रात्री सगळ्यांनाच खाज सुटते असं?"

"नाही. एकटी मीच."

"म्हणजे खरूज नाही. नवीन साबण, नवीन दागिना घातला की येतं असंही नाही." त्यांनी पातं घेऊन थोडा कोंडा काचपट्टीवर खरवडला, वर थेंब टाकला, आणि दहाएक मिनिटांनी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. "बुरशीही नाही. गजकर्णाच्या किती ट्यूबा झाल्या?"

"मोजल्या नाहीत."

"मेडिकलवाल्यानं मोजल्या असतील. ऐक, याला म्हणतात ॲटोपिक डर्माटायटिस. एक्झिमाच, पण जन्मजात प्रवृत्तीचा. तुझी कातडी पाणी धरून ठेवत नाही आणि जरा काही झालं की भडकते. उष्णता नाही, रक्तातली घाण नाही, कुणाचं पाप नाही."

"रक्त तपासायचं नाही का?"

"रक्ताच्या एका रिपोर्टवर हे ठरत नाही. विचारायचं आणि बघायचं, एवढीच याची तपासणी. तुला आजवर कुणी विचारलं नाही, इतकंच."

आम्ही बाहेर आलो. डॉक्टर खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पेन उघडलं. बगाडेबाई पुढं सरकल्या.

"एक नंबर. संसर्गजन्य नाही. बरोबर आहे. हिच्या शेजारी बसा, हिच्या ताटात जेवा, काही होणार नाही." त्यांनी खूण केली. "दोन नंबर, तेही बरोबर. चार नंबर मी खोडते. लग्न हे मलम नाही. हे आटोक्यात राहतं, अगदी चांगलं राहतं, पण तारीख सांगून जात नाही." त्यांनी ओळ खोडली. "राहिला तीन. पुढच्या पिढीचा. त्यासाठी मला चौकशी करायला लागेल."

"करा ना," बगाडेबाई म्हणाल्या. "खटावकर, सांगा सगळं."

डॉक्टरांनी विचारलं तसं अण्णा सांगत गेले. हो, त्यांच्या बहिणीला दमा आहे. हो, सुलक्षणाच्या आईला रोज सकाळी शिंका येतात, डोळे चोळत बसते. प्रत्येक उत्तराला बगाडेबाई मुलाकडे बघून मान हलवत होत्या, बिलात चूक सापडल्यासारख्या.

"आता तुमच्याकडचं," डॉक्टर त्यांना म्हणाल्या.

"आमच्याकडचं कशाला? पेशंट ती आहे."

"मूल दोघांचं होणार ना? की ते एकटीचंच दाखवायचंय रेकॉर्डला?"

"आमच्याकडे काहीएक नाही. सगळे निरोगी."

डॉक्टर हेमंतकडे बघत होत्या. ते मघापासून तळहातानं नाकाचा शेंडा वर ढकलत होते. नाकाच्या मध्यावर एक आडवी रेघ उमटलेली होती. मी ती पहिल्यांदाच पाहिली.

"सकाळी किती शिंका येतात तुम्हाला?"

"पंधरा-वीस," हेमंत म्हणाले. इंजिनिअर असल्यामुळे आकडा पटकन निघाला. मग त्यांनी आईकडे पाहिलं.

"छातीत घरघर? जिना चढताना, धुळीत, थंडीत?"

हेमंत खुर्चीत सावरून बसले.

"पंप वापरता का?"

हेमंतचा हात पॅंटच्या उजव्या खिशावर गेला. आम्ही सगळ्यांनी तो खिसा पाहिला.

"काढा बाहेर," डॉक्टर म्हणाल्या.

निळा पंप टेबलावर आला, दाखल्याच्या शेजारी.

"तो फक्त धुळीपुरता आहे," बगाडेबाई म्हणाल्या. "साइटवर धूळ फार."

"किती वर्षं साइटवर जाताय?"

"तीन," हेमंत म्हणाले.

"आणि पंप किती वर्षं?"

"पंप पाच-सहा. त्याआधी गोळ्या. दमा चौथीपासून."

"लहान असताना अंगावर काही? गाल लाल होणं?"

"ते दातांचं होतं!" बगाडेबाई म्हणाल्या. "दात येताना सगळ्याच मुलांचे गाल तसे होतात."

"पाणी यायचं?"

"थोडं." मग त्यांनी स्वतःला सावरलं. "पण ते दातांचंच."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, नीट ऐका. ही कातडीची खाज, ती सततची सर्दी आणि हा दमा, ही एकाच घरातली भावंडं आहेत. प्रवृत्ती एकच. कुणाच्या कातडीत उतरते, कुणाच्या नाकात, कुणाच्या छातीत. हिच्या अंगात आहे तेच तुमच्या मुलाच्या अंगात आहे. होणाऱ्या मुलाला त्रास होईल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण झालाच तर दोन्हीकडून आलेला असेल. दाखला हवा असेल तर दोघांचा देते. एकाचा देणार नाही."

मला वाटलं, आता ही बाई शरमेनं उठून जाईल. पण तीस वर्षं बिलं तपासलेल्या बाईला मी ओळखलंच नव्हतं. त्यांनी जरा विचार केला, टेबलावरचं पेन उचललं, स्वतःच्या हातानं तीन नंबरची ओळ खोडली आणि बाजूला छोटी सही केली.

"म्हणजे दोन्ही बाजू समान आहेत," त्या म्हणाल्या. "मग हरकतीचा मुद्दाच राहत नाही. खटावकर, वैशाखातली तारीख बघूया का?"

अण्णांच्या चेहऱ्यावर अशी काही कळा आली की विचारू नका. ते खुर्चीत पहिल्यांदा पूर्ण टेकून बसले. "चालेल की! वैशाख उत्तमच."

मी हेमंतकडे बघत होते.

"मी तुम्हाला फोन केला होता," मी म्हणाले. "त्या दिवशी हा पंप कुठं होता?"

त्यांनी पंपाकडे पाहिलं. "खिशात."

"मग?"

"आई म्हणाली होती, लग्न झाल्यावर सांगू सावकाश."

"त्यांनी सांगितलं असेल. पण फोन मी तुम्हाला केला होता. सगळं सांगून मी थांबले होते, आठवतंय? एक शब्द पुरला असता. 'मलाही.' तेवढं म्हणाला असता, तर मी आज हा कागदसुद्धा हसत ऐकला असता."

"मला म्हणायचं होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"पण म्हणालात काय? 'आईशी बोलतो.' आणि बोललात ते माझं. स्वतःचं खिशात ठेवलंत. आता इथं बसून माझ्या आत्याचा दमासुद्धा ऐकून घेतलात, आणि तरीही गप्प."

"हे बघ मुली," बगाडेबाई म्हणाल्या, "तुझ्याही बाह्या मनगटापर्यंत होत्या म्हटलं!"

"होत्या. आठ दिवस होत्या, आणि त्याची मला लाज वाटली. म्हणून तर फोन केला." मी अण्णांकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. "माझ्याकडून नकार आहे."

"नकार?" बगाडेबाईंना शब्दच कळेना. "मुलीकडून? आणि हे असलं अंग असताना? कारण काय?"

"लेखी देऊ का?"

डॉ. मुल्लांना एकदम खोकला आला. त्या बराच वेळ रुमालात तोंड घालून खोकत होत्या.

बगाडेबाई उठल्या. त्यांनी दाखला घडी करून पर्समध्ये ठेवला, खोडलेला असला तरी, कारण कागद त्या टाकत नसत. दाराशी जाऊन म्हणाल्या, "खटावकर, मुलीला डोक्यावर चढवून ठेवलीत. भोगाल." हेमंत पंप उचलायला मागं वळले. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होते असं वाटलं. पण बाहेरून हाक आली आणि ते गेले. पुढं वर्षाच्या आत त्यांचं लग्न झालं, फलटणची मुलगी. तिला पंपाबद्दल आधी कळलं की नंतर, मला माहीत नाही.

अण्णा खाली मान घालून बसले होते. मग उठले आणि मला म्हणाले, "चल. झालं तेवढं पुरे झालं."

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "बसा खटावकर. त्यांचं काम झालं. माझं कुठं झालंय? पेशंट अजून उभीच आहे."

त्यांनी मला रिकाम्या खुर्चीत बसवलं. नवा कागद घेतला, माझं नाव लिहिलं, आणि विचारलं, "रात्री झोप लागते का तुला?"

मी काहीतरी उत्तर देणार होते. रोज देते तसं, बरी लागते म्हणून. पण तोंड उघडलं आणि रडायलाच आलं. मघा बगाडेबाईंसमोर एक टिपूस आलं नव्हतं, आणि आता थांबेना. खाजेबद्दल आजवर सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. काय खाल्लं, कुणाला सांगितलं, डाग जातील का, लग्नाचं काय. झोपेचं कुणीच विचारलं नव्हतं.

"सलग झोप आठवत नाही," मी सांगितलं. "दोन-दोन तासांनी जाग येते. हातात मोजे घालून झोपते, तरी झोपेत निघतात. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात. मी उठल्याबरोबर धुऊन टाकते."

"कधीपासून धुतेस?" हे अण्णांनी विचारलं.

"सहावी-सातवीपासून."

"मला वाटायचं..." ते म्हणाले, आणि त्यांना काय वाटायचं ते त्यांना सांगता आलं नाही.

डॉक्टरांनी त्यांना सावरायला वेळ दिला नाही. सरळ कामाला लागल्या. कढत पाणी बंद. कडुनिंब झाडावर राहू दे. कोमट पाण्यानं पाच मिनिटांत अंघोळ, अंग ओलसर असतानाच हे जाडसर क्रीम, दिवसातून दोनदा, खाज असो वा नसो, आयुष्यभर. हे दुसरं मलम फक्त भडकलेल्या जागी, बोटाच्या पेराएवढं, चौदा दिवस, मग मला दाखवायचं, मेडिकलवाल्याला विचारून वाढवायचं नाही. जेवणात काहीही तोडायचं नाही, खाल्ल्यावर लगेच काही त्रास झाल्याचं स्वतः पाहिलं नसेल तर.

"वांगं?" अण्णांनी विचारलं.

"भरून करा," डॉक्टर म्हणाल्या.

परतीच्या एसटीत अण्णा उंब्रजपर्यंत डॉक्टरांची चिठ्ठी हातात धरून बसले होते. मला माहीत होतं, घरी आई रडणार आहे, आत्या येणार आहे, आणि चालून आलेलं स्थळ मी पंपावरून मोडलं ही गोष्ट पेठेच्या शेवटापर्यंत फिरणार आहे. तसंच झालं. मालूताईंनी तर नंतर दोन वर्षं प्रत्येकाला सांगितलं की मुलाला क्षय होता.

लग्न माझं पुढं झालं, उशिरा, आणि नवऱ्याला पहिल्याच भेटीत मी बाह्या वर करून दाखवलं. खाज अजूनही येते. हिवाळ्यात, परीक्षेच्या दिवसांत मुलीच्या काळजीनं, कधी कारण नसताना. येते, मी तिला नावानं ओळखते, ठरलेलं औषध देते, ती जाते. पण त्या सगळ्याच्या आधीची एक सकाळ सांगायची राहिली.

मलम सुरू करून अकरावा दिवस होता, रविवार. मी जागी झाले तेव्हा ऊन पायापर्यंत आलं होतं. मला वाटलं, घड्याळ बंद पडलंय. पावणेदहा वाजले होते. आई उशाशी बसून होती आणि तिचं एक बोट माझ्या नाकाखाली होतं.

"काय करतेस?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि बोट काढून घेतलं. "हललीच नाहीस रात्रभर. मला आपली भीती वाटली."

मी चादर पाहिली. पांढरी होती.

पुढच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता, म्हणून मी उठून दारापर्यंत गेले. लग्नसराईचे दिवस, रविवारी सकाळी आठालाच मशीन सुरू व्हायचं. त्या दिवशी अण्णा बंद मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. आजूबाजूला बेतलेल्या कापडांचा ढीग. उंबऱ्यात एक बाई तणतणत उभी होती, दुपारी हळद आहे आणि ब्लाउज अजून तसाच कसा म्हणून.

अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, ताई," ते म्हणाले. "मुलगी झोपलीय."